नदीकाठची चूल

दिवाळीच्या आठवड्यात आपल्या घरच्या चुलीला उसंत नसते. मातीची चूल गेली, शेगडी गेली, स्टोव्ह गेला, गॅस आला. तरी बोलताना आपण अजून ‘चूल’च म्हणतो. चकलीचा सोऱ्या, करंजीचे सारण, चिवड्याच्या फोडणीने घरभर उठलेला ठसका आणि अनारसा तुपात विरघळला म्हणून हळहळणारी आजी, हे सारे त्या चुलीभोवतीच चालते. डबे भरतात. पाहुणे येतात, जातात. आणि भाऊबीज उलटली, की घरातले कुणीतरी हळूच म्हणते, “चला, जरा नदीवर फिरून येऊ.” नदी हे निमित्त. खरा डोळा असतो तो काठावरच्या भेळेच्या गाडीवर. आजी करवादते, “घरात डबेच्या डबे फराळाचे पडले आहे, आणि यांना बाहेरचे हवे!” आजीचे बरोबर असते. पण पाण्यावरच्या वाऱ्यात उभ्याने खाल्लेल्या त्या भेळेची चवही खोटी नसते.

ही चव कुठून आली असे कुणी मला विचारले, तर मी त्याला हजारो मैल दूर, लंडनच्या थेम्स नदीच्या काठी घेऊन जाईन. तिथेच का? तर नदीकाठच्या उघड्यावरच्या खाण्याची इतकी जुनी आणि इतकी सलग हकीगत जिथे कागदावर उतरली आहे अशा जागा विरळा. ती हकीगत वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात येते. भेळेच्या गाडीपाशी ती सहसा सुचत नाही. ‘घरोघरी मातीच्या चुली’ असे आपण मोठ्या शहाणपणाने म्हणतो. पण ज्याच्या घरी चूलच नाही, त्याने काय करावे? थेम्सचा काठ हे या प्रश्नाला लंडनने आठशे वर्षे दिलेले उत्तर आहे.

इ. स. ११७० च्या २९ डिसेंबरला कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट याचा दुसऱ्या हेन्री राजाच्या चार सरदारांनी वध केला. बेकेटच्या पदरी असलेला विल्यम फिट्झस्टीफन हा लेखनिक त्या वेळी तिथे हजर होता. पुढे तीनचार वर्षांत त्याने आपल्या धन्याचे चरित्र लॅटिन भाषेत लिहिले. धनी लंडनचा आणि लेखकही लंडनचा. तेव्हा चरित्राच्या आरंभी त्याने आपल्या शहराचे वर्णन जोडून दिले. एका भयंकर खुनाची कथा सांगायला बसलेला हा गृहस्थ त्या वर्णनात मोठ्या प्रेमाने काय सांगतो, तर नदीकाठच्या शिजवलेल्या अन्नाच्या बाजाराची गोष्ट!

एका बाजूला गलबतांतून उतरणारे द्राक्षमद्य, दुसऱ्या बाजूला तळघरांत साठवलेले द्राक्षमद्य, आणि त्यांच्या मधोमध, अगदी धक्क्यावर, ही सार्वजनिक पाकशाळा. ऋतुमानाप्रमाणे रोज तिथे पदार्थ तयार असत. भाजलेले, तळलेले, उकडलेले. लहान मासे, मोठे मासे. गरिबांसाठी जाडेभरडे मांस, आणि ज्याची थैली जड त्याच्यासाठी हरणाचे किंवा पाखरांचे. फिट्झस्टीफन म्हणतो त्याचा मथितार्थ असा: एखाद्या नागरिकाच्या घरी प्रवासाने शिणलेले मित्र अवचित येऊन ठेपले, भूक लागलेली आहे, सामान आणून रांधेपर्यंत थांबण्याचे त्राण नाही, अशा वेळी नोकर हात धुवायला पाणी नि भाकरी पुढे ठेवतात, तोवर कुणीतरी नदीकडे धावतो आणि हवे ते घेऊन येतो. रात्री-अपरात्री कितीही सरदार, कितीही परके शहरात येवोत. येणाऱ्याला फार वेळ उपाशी राहावे लागत नाही आणि जाणाऱ्याला न जेवता जावे लागत नाही. हीच त्याच्या मते सुसंस्कृत शहराची खूण! आणि या मताला आधार म्हणून तो थेट प्लेटोचे नाव घेतो.

अवचित पाहुणा आणि रिकामी चूल, ही अडचण आपल्या गृहिणींना नवी नाही. आठशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये तिच्यावरचा तोडगा नदीकाठी होता एवढेच. आणि तो नदीकाठीच का, हेही उघड आहे. रस्ते चिखलाचे, म्हणून नदी हाच राजमार्ग. धान्य, मासे, सरपण, माणसे, सारे पाण्यावरून यायचे. जिथे माणूस उतरतो तिथेच त्याला भूक लागते. शिवाय दाट वस्तीतल्या गरिबाच्या एका खोलीत भट्टी कुठली? सरपण महाग आणि आगीची धास्ती कायमची.

ती धास्ती किती खरी होती ते १६६६ साली दिसले. लंडन पुलाच्या जवळच, नदीपासून चार पावलांवर, पुडिंग लेन नावाचा बोळ होता. नाव ऐकून लहान मुलांच्या तोंडाला पाणी सुटेल; पण तिथले ‘पुडिंग’ म्हणजे खाटकांच्या गाड्यांवरून नदीकडे नेली जाणारी जनावरांची आतडी-कोथळी. या बोळात एका भटारखान्याला २ सप्टेंबर १६६६ च्या पहाटे आग लागली, आणि चार दिवसांत जुने लंडन जळून गेले. आग विझली ती ‘पाय कॉर्नर’ नावाच्या कोपऱ्याशी. ‘पाय’ हाही एक खाद्यपदार्थच! पुडिंगपाशी सुरू होऊन पायपाशी संपलेली ही आग म्हणजे लंडनकरांच्या खादाडपणाची शिक्षा, असा निष्कर्ष धर्मोपदेशकांनी काढला, आणि तिथे बसवलेल्या एका गुबगुबीत सोनेरी पोराच्या पुतळ्याखाली तो कोरूनही ठेवला. पुतळा आजही आहे. खाण्याची चैन ज्यांना कधी मिळालीच नाही, त्यांची घरेही त्या आगीत गेली होती. पण त्यांचा उल्लेख त्या लेखात नाही.

आता आपण नदी ओलांडून दक्षिण काठावर जाऊ. शेक्सपिअरच्या काळी नाटकगृहे या काठाला होती, शहराच्या कायद्याच्या हाताबाहेर. ‘रोज’ हे नाटकगृह १५८७ चे, ‘ग्लोब’ १५९९ चे. नावाडी उत्तर काठावरून प्रेक्षकांना होड्यांतून पलीकडे नेत. एक पेनी दिली, की मधल्या अंगणात उभे राहून नाटक पाहता येई. बसायचे असेल तर आणखी पैसे मोजून सज्जात. १९८८-८९ साली नवी इमारत बांधताना ‘रोज’चा पाया उघडा पडला. पुराणवस्तुशास्त्रज्ञांनी माती चाळली तेव्हा तिच्यातून काय निघावे? हेझलनटच्या टरफलांचा खच, कालवांचे शिंपले, अक्रोडाची कवचे, अंजिरांच्या बिया, चेरी नि आलुबुखारच्या आठोळ्या. नाटक पाहता पाहता लोकांनी जे चघळले, ते चारशे वर्षे जमिनीत जपून राहिले. आपल्याकडे जत्रेतल्या तमाशाचा फड उठला, की मागे शेंगांची टरफले उरतात. ती तेवढी कुणी जपलेली नाहीत.

इथे एक खुलासा केला पाहिजे. ‘कालवे’ म्हणजे पाटबंधाऱ्याचे कालवे नव्हेत. कोकणातल्या वाचकांना सांगायला नको. खडकाला चिकटलेला शिंपला कोयत्याने फोडून आतला जो मऊ, खारट गर काढतात, ती ही कालवे. थेम्सच्या मुखाशी, केंट आणि एसेक्सच्या किनाऱ्यांवर, ती मुबलक होत. रोमन लोकांनी पहिल्या शतकात लंडन वसवले, तेव्हाचेही कालवांचे शिंपले तिथल्या मातीत सापडतात. या गोष्टीत कालवांना पुढे मोठे स्थान आहे, म्हणून त्यांची ओळख आधी करून दिली.

थेम्सच्या काठी, किंबहुना थेम्सच्या पाठीवरच, एक अपूर्व जत्रा कधीकधी भरे. जुना लंडन पूल १२०९ साली पुरा झाला. त्याच्या एकोणीस अरुंद कमानींमुळे पाणी अडे आणि मंदावे. हिवाळा फारच कडक पडला, की नदी गोठे. १६८३-८४ च्या हिवाळ्यात ती अशी गोठली, की बर्फावर दुकानांच्या रांगा लागल्या, रस्ते पडले, घोडागाड्या धावू लागल्या. अख्खा बैल बर्फावर भाजला गेला. आल्याची गोड बिस्किटे, गरम मद्य, कॉफी, सगळ्यांचे तंबू उभे राहिले. एका छापखानेवाल्याने तर बर्फावर यंत्र आणून गिऱ्हाइकांची नावे छापून देण्याचा धंदा काढला; राजा दुसरा चार्ल्स याने सहकुटुंब येऊन आपले नाव छापून घेतले. शेवटची अशी जत्रा १८१४ च्या फेब्रुवारीत भरली. तेव्हा बर्फावर मेंढी भाजून तिला ‘लॅपलंडचे मटण’ असे भारदस्त नाव दिले होते. नुसते भाजताना पाहायचे सहा पेन्स, आणि एक फोड खायची तर एक शिलिंग! म्हणजे वासाचेही पैसे वेगळे.

मौज मोठी खरी. पण याच १६८४ च्या हिवाळ्याबद्दल जॉन इव्हलिन या गृहस्थाने आपल्या रोजनिशीत दुसरीही नोंद केली आहे. नदी गोठल्यामुळे मालाच्या होड्या अडल्या, जळण भयंकर महागले, आणि गरिबांना जगवण्यासाठी वर्गणी गोळा करावी लागली. ज्या बर्फावर बैल भाजला जात होता, त्याच बर्फाने हजारो घरांतला विस्तव विझवला होता. नावाड्यांची तर रोजीच गोठली. १८१४ साली त्यांनी मग यावर उपाय काढला: काठावरून बर्फावर उतरणाऱ्याकडून दोनदोन, तीनतीन पेन्स जकात. पाण्यावरून नेण्याचे भाडे बुडाले, तर बर्फावर उतरण्याचे घेऊ! पोट माणसाला काय काय सुचवते.

जुना पूल १८३१ नंतर पाडला गेला, नव्या पुलाच्या पाच रुंद कमानींतून पाणी मोकळे वाहू लागले, आणि थेम्स शहरात पुन्हा तशी गोठली नाही.

नदीच्या उत्तर काठावर बिलिंग्जगेट हा मासळीचा धक्का होता. १६९९ च्या कायद्याने तो सर्वांना खुला झाला, फक्त वाम मासा वगळून. वाम विकण्याचा हक्क नदीत नांगरून राहिलेल्या डच होड्यांकडे ठेवला. मोठ्या आगीनंतर उपाशी लंडनकरांना या डच कोळ्यांनी खाऊ घातले होते, त्याची ही परतफेड, असे सांगतात. आगीत चुली गेल्या तेव्हा ज्यांनी पोटाला दिले त्यांचे ऋण शहराने कायद्याने फेडावे, ही गोष्ट मला मोठी हृद्य वाटते. १९८२ साली हा बाजार तिथून पूर्वेकडे हलला. नदीकाठची जुनी इमारत मात्र उभी आहे.

या बिलिंग्जगेटच्या धक्क्याला कालवांच्या होड्या एकीला एक लागून उभ्या राहत. फेरीवाले त्या रांगेला ‘कालवांची गल्ली’च म्हणत. ही माहिती देतो हेन्री मेह्यू. मेह्यू हा पत्रकार. १८४९ साली लंडनमध्ये कॉलऱ्याने १४ हजारांहून अधिक माणसे मेली. त्या सप्टेंबरात मेह्यू थेम्सच्या दक्षिण काठावर बर्मंडसी भागातल्या, कॉलऱ्याने पोखरलेल्या वस्तीत गेला आणि तिथे पाहिले ते त्याने वर्तमानपत्रात लिहिले. त्यातून पुढे १८५१ पासून त्याचा मोठा ग्रंथ झाला. रस्त्यावर विकणारे, वेचणारे, भटकणारे अशा माणसांशी तो बोलला आणि त्यांचे त्यांच्याच तोंडचे बोल त्याने लिहून घेतले. कुठला माल, किती पैशांना, किती खपतो, याचा हिशेबही त्याने मांडला.

तो हिशेब वाचताना आपण जणू एक पेनी मुठीत धरून नदीकाठाने चालू लागतो. त्या वेळी बारा पेन्सचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. एका पेनीत चार कालवे, मिरपूड आणि शिरका वरून. मेह्यूच्या हिशेबाने फेरीवाले वर्षाला १२ कोटी ४० लाख कालवे विकत. अर्ध्या पेनीत गरम वामाचे काही तुकडे आणि वाटीभर रस्सा, त्यात कोथिंबिरीच्या कुळातली पार्सली. अर्ध्या पेनीत वाटाण्याचे दाट सूप. अर्ध्या पेनीत भाजलेला बटाटा, मीठ नि लोणी लावून. बटाटेवाल्याची पत्र्याची पेटी, तिच्याखाली निखारे, वर वाफ. कडाक्याच्या थंडीत कित्येक जण बटाटा घेऊन आधी खिशात ठेवत, हात शेकून घेत आणि मगच खात. एका अर्ध्या पेनीत चूलही मिळाली आणि जेवणही!

इथेच माझ्या सांगण्याचा गाभा आहे. हे सारे लोक चैनीला बाहेर खात नव्हते. मेह्यू सांगतो, फेरीवाला नवराबायको दोघेही पहाटे बाहेर पडत. घरी चूल पेटतच नसे. सकाळचा फराळ कॉफीच्या ठेल्यावर: एका पेनीत लहान पेला कॉफी आणि लोणी लावलेले पावाचे दोन पातळ काप. म्हणजे वामवाला बटाटेवाल्याकडे खाई, बटाटेवाला कॉफीवाल्याकडे. शहराला खाऊ घालणाऱ्यांच्या घरचा विस्तव मात्र थंड.

आणि याहून खालची पायरीही होती. ओहोटी लागली, की थेम्सच्या चिखलात लहान मुले नि म्हाताऱ्या बाया उतरत. लंडनने त्यांना ‘मडलार्क’ म्हणजे ‘चिखलातले चंडोल’ असे नाव दिले होते. गोड नाव, कडू जिणे. होड्यांतून पडलेले कोळशाचे तुकडे, दोरीचे तुकडे, खिळे, हाडे असे जे सापडेल ते ही मुले वेचीत. सुमारे चौदा पौंड कोळसा झाला, की त्याची एक पेनी. हिवाळ्यात अनवाणी पाय बधिर झाले, की ती धावत जाऊन कारखान्यांचे गरम पाणी जिथे नदीत पडे तिथे पाय बुडवून उभी राहत. मेह्यूने अशा मुलांना बोलते केले. कोळसा वेचायचा आणि तो विकायचा दुसऱ्याच्या चुलीसाठी; आपल्या वाट्याला त्यातून अर्ध्या पेनीचा बटाटा आला तर भाग्य. नदीकाठी चालणाऱ्या चुलीचा हिशेब इतका उलटासुलटा होता.

त्याच नदीवर, थोडे खाली ग्रीनिचला, एकोणिसाव्या शतकात राजाचे मंत्री दर वर्षी पार्लमेंटचे काम आटोपले, की बोटीने जात आणि नदीकाठच्या खानावळीत तळलेल्या बारीक माशांची मेजवानी झोडत. मासे त्याच थेम्सचे, काठही तोच. फरक एवढाच, की मंत्र्यांच्या घरी चूल होती. ते हौसेने बाहेर आले होते.

आपल्याकडची माणसेही या काठावर होती, याचा विसर पडू नये. ईस्ट इंडियाच्या व्यापारी जहाजांवर हिंदी खलाशी असत. त्यांत बंगाल-सुरतेकडचे, तसे कोकणपट्टीतलेही. जहाज धक्क्याला लागले, की परतीच्या फेरीपर्यंत कित्येकांना लंडनच्या थंडीत निराधार पडून राहावे लागे. त्यांची दैना पाहून १८५७ साली लाइमहाउस या गोदीच्या भागात आशियाई खलाशांसाठी एक निवास उघडण्यात आला. समुद्र ओलांडून आलेल्या, भाषा न कळणाऱ्या त्या माणसाला बंदरात सगळ्यांत आधी समजणारी भाषा म्हणजे ठेल्यावरची वाफ.

मग शहराने नदीकाठ स्वच्छ करायला घेतला. त्याला निमित्त झाली दुर्गंधी. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाणली, की पार्लमेंटच्या खिडक्यांना चुन्याच्या पाण्यात भिजवलेले पडदे लावावे लागले. गरिबांच्या वस्तीत कॉलरा वर्षानुवर्षे येत-जात होता तेव्हा न हललेली सभा, स्वतःच्या नाकाला वास आल्यावर थोड्याच दिवसांत हलली. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरने भूमिगत गटारांचे जाळे बांधले, आणि नदी मागे हटवून काठाला दगडी बांध घातला. ‘व्हिक्टोरिया एम्बँकमेंट’ हा रुंद रस्ता १८७० साली खुला झाला. काम थोर होते. त्याने लाखोंचे प्राण वाचवले. पण पायऱ्या-धक्क्यांचा जुना, ओबडधोबड काठही त्यात गेला. नदीत उतरण्याची जागा जाऊन नदी पाहत चालण्याची जागा झाली.

तरी भूक काठ सोडून गेली नाही. नव्या रस्त्यावर दिव्यांखाली रात्रीचे कॉफीचे ठेले उभे राहू लागले. १८७५ पासून घोडागाडीवाल्यांसाठी हिरव्या लाकडी टपऱ्या आल्या. रस्त्यावर उभ्या करायच्या म्हणून त्या एका घोडागाडीहून मोठ्या नसाव्यात असा नियम. तेवढ्याशा जागेत स्वयंपाकघर आणि दहाबारा जणांची बसायची सोय! अशा एकसष्ट टपऱ्या बांधल्या गेल्या. त्यांतल्या तेरा उरल्या, त्यांतली एक एम्बँकमेंटच्या जवळच आहे. त्याच रस्त्याच्या बाकांवर विसाव्या शतकातही बेघर माणसे रात्र काढत. जॉर्ज ऑर्वेलने १९३३ च्या आपल्या पुस्तकात त्यांच्याविषयी लिहिले आहे, आणि ते ऐकीव नव्हते.

याच सुमारास एक गमतीचा, खरे तर विचारात पाडणारा, उलटापालट झाला. कालवे, जी गरिबाच्या ताटातली म्हणून हिणवली जात, ती अतोनात उपशाने आणि घाण पाण्याने दुर्मिळ झाली. १९०२ साली दूषित कालवे खाऊन विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन इथल्या मेजवान्यांत विषमज्वर पसरला, विंचेस्टरचा डीन दगावला, आणि लोकांचा कालवांवरचा विश्वासच उडाला. पुढे ती परतली ती श्रीमंतांच्या टेबलावर, बर्फावर मांडून, लिंबाच्या फोडीसह. वामाचेही तेच. १९५७ साली शास्त्रज्ञांनी थेम्स जीवशास्त्राच्या दृष्टीने मृत ठरवली. मग पाणी सुधारले, आणि १९७४ साली दीडशे वर्षांच्या आसपास न दिसलेला सॅमन मासा पुन्हा सापडला. पण युरोपातला वाम २००८ पासून नामशेष होण्याच्या वाटेवरच्या प्राण्यांच्या यादीत आहे. अर्ध्या पेनीत मिळणारा वाम आता जपून ठेवण्याची वस्तू झाला.

दुसऱ्या महायुद्धाने दक्षिण काठ भुईसपाट केला होता. तिथे १९५१ साली ब्रिटनने राष्ट्रीय उत्सव भरवला. सुमारे ८५ लाख लोक तो पाहून गेले. साखर, मांस अजून शिधापत्रिकेवर होते. मांसावरचे शेवटचे बंधन उठले ते १९५४ च्या जुलैत. शिधा मोजून खाणारी ती माणसे नदीकाठी दिव्यांच्या झगमगाटात नाचली. त्या उत्सवाची एक वास्तू, रॉयल फेस्टिव्हल हॉल, आजही उभी आहे. तिच्या मागच्या चौकात आठवड्याच्या शेवटी खाण्याचे ठेले लागतात.

एका ऑक्टोबरच्या संध्याकाळी मी तिथे गेलो. थंड वारा नदीवरून येत होता. एका ठेल्यावर मोठ्या तव्यावर डोसा पसरला जात होता, पलीकडे कुणा दुसऱ्या देशाचे वाफाळणारे मोमो. कागदी बशी हातात घेऊन मी कठड्याशी उभा राहिलो. शेजारी हसणारी तरुण मुले, वडिलांच्या खांद्यावर बसलेले पोर, हातात हात घेतलेले एक म्हातारे जोडपे. सगळे हौसेने आले होते. सगळ्यांच्या घरी चूल होती. नदीला ओहोटी लागली होती आणि भिंतीखाली चिखलाचा पट्टा उघडा पडला होता. तिथे आता हौशी संशोधक परवाना घेऊन उतरतात आणि जुनी नाणी, मातीच्या चिलमी वेचतात. त्यांनाही ‘मडलार्क’च म्हणतात. नाव तेच राहिले. पाय मात्र आता रबरी बुटांत आहेत.

मला वाटते, भेळेच्या गाडीपाशी लागणारी ती निराळी चव इथूनच येते. आठशे वर्षे जे खाणे घर नसलेल्यांचे, वाटेवरच्यांचे, परक्यांचे होते, ते खाताना आपणही घटकाभर घर नसलेले होतो. ताटपाट नाही, वाढणारे कुणी नाही, मान नाही, पहिली-दुसरी पंगत नाही. ज्याच्या शेजारी उभे राहिलो तो कोण, हे कुणी विचारत नाही. घटकाभर हे बरे वाटते. कारण नंतर घरी जायचे असते.

पण गाडीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे काय? मेह्यूच्या वामवाल्याप्रमाणे तोही बहुधा दुसऱ्याच्या ठेल्यावरच जेवतो. आपली दिवाळी हाच त्याचा धंद्याचा मोसम; म्हणजे त्याच्या घरचा फराळ त्याच्यावाचून होतो. यंदा भाऊबीजेनंतर नदीवर जाल, तेव्हा भेळ जरूर खा. कैरी आहे का विचारा, तिखट जास्त घालायला सांगा. फक्त निघताना आजीकडून एक पुडी मागून घ्या. करवादली तरी ती देईल. चार चकल्या, दोन करंज्या, मूठभर चिवडा. भेळेचे पैसे द्या, आणि ती पुडीही त्याच्या गाडीवर ठेवा. डबे भरलेलेच आहेत.